टोकापेक्षा बूड महत्त्वाचं : २५ मीटर पिस्तुलासाठी गोळी निवडताना

१० मीटर एअर पिस्तूल खेळत होतो तोवर गोळीच्या आकाराचा प्रश्न कधी पडलाच नाही. तिथे सगळेच चपट्या डोक्याचा, ४.५ मिलीमीटरचा शिशाचा छर्रा वापरतात. निवडायचं असतं ते वजन आणि डोक्याच्या व्यासातला शतांश मिलीमीटरचा फरक. २५ मीटरच्या सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाकडे वळलो आणि गोल नाकाची, चपट्या नाकाची, पोकळ टोकाची, तांब्याचा मुलामा दिलेली, पूर्ण जॅकेटची (वरून धातूचं आवरण असलेली) अशी गोळ्यांची सगळी जातकुळी एकदम समोर आली. यातलं काय घ्यायचं, काय नाही आणि का, हे ठरवण्यात माझा बराच काळ गेला. आमच्या क्लबात आता कॉलेजची मुलं .२२ पिस्तुलाकडे (हा इंचातला कॅलिबर, म्हणजे गोळीचा व्यास) यायला लागली आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कोकणात बंदूक गावोगाव माहीत आहे, पण ती शेतीसंरक्षणाची. रानडुक्कर आणि माकडांपासून बागायत राखायची, निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, ही इथली रीत. तिच्यात छरे घालायचे की गोळा, एवढाच विचार होतो. निशाण्याच्या पिस्तुलाचं काडतूस कसं पारखायचं हे सांगणारं आसपास कुणी नव्हतं. मला भेटले ते मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, मूळ सावंतवाडीकडचे एक सुभेदार. क्लबात लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणतात.

आमची रेंज सड्यावरच्या एका बंद पडलेल्या चिरेखाणीत आहे. तिन्ही बाजूंना जांभ्याच्या उभ्या भिंती आणि लक्ष्यामागे चाळलेल्या मातीचा जाड बांध. दर मोसमाआधी या बांधातले खडे वेचून काढावे लागतात, कारण गोळी दगडाला लागली तर कुठे उडेल सांगता येत नाही. शिशाची गोळी दगडावर चेपते आणि तिचा बराचसा जोर तिथेच जातो. जॅकेटची गोळी मात्र आकार धरून राहते आणि उडाली तर लांब जाते. जॅकेटविषयीचं पहिलं बोलणं आमच्यात झालं ते हा बांध चाळतानाच.

काकांनी आयुष्यभर जॅकेटच्याच गोळ्या झाडलेल्या. सैन्याची गोळी म्हणजे आत शिसं आणि वरून तांब्याच्या मिश्रधातूचं किंवा पोलादाचं पूर्ण आवरण. साहजिकच माझी समजूत अशी की सैन्य वापरतं ते सर्वांत अचूक असणार. काकांनी एका वाक्यात ती मोडून काढली : "जॅकेट लढाईसाठी. कागदाक जॅकेट कित्याक व्हया?"

त्यामागचा इतिहास मग मी वाचून काढला. काळ्या दारूच्या जमान्यात रायफलींतून उघडी शिशाची गोळीच चालायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली, वेग एकदम वाढले आणि त्या वेगाला शिसं बॅरलच्या आट्यांत, म्हणजे आतल्या पेचदार खाचांत, टिकेना. ते खरवडून बॅरलला चिकटू लागलं. स्वित्झर्लंडमध्ये एडुआर्ड रुबिन यांनी १८८२ मध्ये तांब्याचं जॅकेट चढवलेली गोळी तयार केली होतीच, ती या गरजेला उपयोगी पडली. पुढे कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात टोक उघडं ठेवलेल्या, अंगात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळ्या बनल्या, त्यावरून युरोपात वादळ उठलं आणि १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरू नयेत असा जाहीरनामा झाला. तेव्हापासून सैन्यांची गोळी बहुतांशी टोकापर्यंत झाकलेलीच राहिली. म्हणजे पूर्ण जॅकेटमागची कारणं वेग, युद्धाचे नियम आणि धसमुसळ्या हाताळणीतही न अडकता चालणं ही आहेत. २५ मीटरवरच्या कागदाशी यातल्या कशाचाच संबंध नाही.

वेगाचा आकडा पाहिला की हे लगेच पटतं. सैन्याच्या रायफलीची गोळी सेकंदाला ७०० मीटरच्या वर जाते. माझ्या .२२ ची ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची गोळी डब्यावरच्या आकड्यानुसार ३२० ते ३३० मीटरने, आणि तो आकडाही लांब बॅरलमधून मोजलेला असतो. पिस्तुलाच्या वीतभर बॅरलमधून तिचा वेग आणखी कमी भरतो. सेंटर फायर या मोठ्या कॅलिबरच्या प्रकाराला वापरतात ती .३२ ची वॉडकटर, म्हणजे नाक नसलेली बोथट गोळी, तर त्याहून बरीच सावकाश जाते. या वेगाला मेणाचा किंवा ग्रीसचा हात असला की शिसं पुरतं.

शिवाय नियमच आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या २५ मीटर पिस्तुलाच्या प्रकारांत गोळी शिशाची किंवा तसल्याच मऊ पदार्थाची असावी लागते, जॅकेटची चालत नाही, आणि ज्युरी नमुना तपासायला मागू शकतात. ज्याला स्पर्धा खेळायची आहे त्याच्यासाठी जॅकेटचा प्रश्न इथेच मिटतो. तरी तो समजून घ्यावा असं मला वाटतं, कारण दुकानात ".३२ आहे का" असं विचारलं तर पुढ्यात येतं ते बहुधा .३२ एसीपी. ते स्वसंरक्षणाच्या पिस्तुलांचं काडतूस, ७१ ग्रेनची पूर्ण जॅकेटची गोल नाकाची गोळी. सेंटर फायरचं निशाण्याचं पिस्तूल लागतं .३२ एस अँड डब्ल्यू लाँगला. नावात दोन्हीकडे बत्तीस असलं तरी काडतुसं वेगळी आहेत आणि एकाच्या जागी दुसरं कधीही घालायचं नाही. नवख्याला मी सगळ्यांत आधी हेच सांगतो.

.२२ मध्ये जॅकेट हा प्रकार नाहीच म्हटलं तरी चालेल. जे पिवळं, चमकणारं दिसतं तो तांब्याचा पातळ मुलामा. त्याने हात आणि खिसे काळे होत नाहीत, मेणाचा चिकटा नसतो, आणि आमच्याकडच्या वाळूत तो थोडा सोयीचाही पडतो. पण मुलाम्याची बरीचशी काडतुसं जास्त वेगाची असतात आणि निशाण्याचं पिस्तूल साध्या वेगाच्या काडतुसाला बेतलेलं असतं. जास्त वेगाची झाडत राहिलं तर बोल्ट (दर गोळीला मागेपुढे सरकणारा भाग) मागे जोरात आदळतो आणि आतल्या बफरची वाट लागते. ध्वनीच्या वेगाच्या आसपास गोळी डळमळते म्हणूनही रायफलवाले मंद काडतूस घेतात. आपल्या मे महिन्यात, ३३ अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५१ मीटर असतो आणि पिस्तुलाचा वेग त्याच्या पुष्कळ खाली, त्यामुळे ती काळजी आपल्याला नाही. मी साधं शिसं आणि साधा वेग यावर आलो तो पिस्तुलाच्या आयुष्याकडे बघून.

आता आकार. मी खेळतो त्या स्टँडर्ड पिस्तूल प्रकारात पाच-पाच गोळ्यांच्या मालिका असतात. आधी १५० सेकंदांत, मग २० सेकंदांत आणि शेवटी १० सेकंदांत. दहा सेकंदांत पाच गोळ्या म्हणजे हात उचलल्यापासून पिस्तुलाने एकदाही अडकता कामा नये. काडतूस अडकलं की नियमात सवलत आहे, पण ती मर्यादित, आणि लय तुटते ती वेगळीच. त्यामुळे गोळीचं नाक कसं आहे याचं पहिलं उत्तर अचूकतेत शोधायचंच नाही. मॅगझीनमधून वर आलेलं काडतूस चेंबरच्या, म्हणजे ते झाडलं जातं त्या खणाच्या, तोंडाशी उतारावरून सरकत आत जातं. गोल नाक त्या उतारावरून अलगद सरकतं. काही मॅच (स्पर्धेच्या) काडतुसांचं नाक जरा चपटं आणि खांदा धारदार असतो. ती बहुतेक एक-एक गोळी हाताने भरायच्या रायफलींसाठी उत्तम, पण माझ्या पिस्तुलात ती मधूनच खांद्यावर अडायची. पोकळ टोकाच्या .२२ ची कडाही तशीच अडते, आणि कागदावर त्या पोकळीचा काही उपयोग नाही; ती शिकारीसाठी आहे.

अडलेली काडतुसं बाहेर काढून पाहिली तर शिशाच्या नाकावर उताराचा चपटा ओरखडा दिसायचा. न अडता गेलेल्यांच्याही नाकावर थोडा असायचाच. मला वाटलं, एवढी ठेचलेली गोळी नीट कशी जाईल? हातात धरून मी ती न्याहाळत बसलो होतो तेव्हा काका म्हणाले, "अरे, टोक काय बघतस? बूड बघ."

तेव्हा ते मला कोड्यासारखं वाटलं, पण पुढचा सगळा विचार त्या बोलण्यावर उभा राहिला. गोळी बॅरलच्या तोंडातून बाहेर पडते तेव्हा तिच्यामागे वायूचा दाब असतो. बूड आणि बॅरलचं तोंड यांच्यात ज्या क्षणी फट पडते त्या क्षणी तो वायू चहूकडून निसटतो. बूड सपाट, सरळ आणि एकसारखं असेल तर तो सगळीकडून सारखा सुटतो. बुडाची एक कड जरी खचलेली असेल तर वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला निघतानाच तिरका धक्का बसतो. नाक तोवर पुढे गेलेलं असतं. त्यावरच्या ओरखड्याने २५ मीटरवर फारसं काही बिघडत नाही. बॅरलचं तोंड जपायला सांगतात तेही याचसाठी. साफ करताना गज तोंडाच्या कडेवर घासू द्यायचा नाही.

हे पडताळायचं म्हणून नाकावर ओरखडा पडलेली काडतुसं वेगळी ठेवली आणि वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवून, एक-एक भरून झाडली. मग त्याच डब्यातली कोरी झाडली. दोन्हींच्या ग्रुपमध्ये, म्हणजे भोकांच्या पसाऱ्यात, डोळ्याला फरक दिसला नाही. आमच्याकडे पिस्तूल शिकंजात धरायचं यंत्र नाही, त्यामुळे ही प्रयोगशाळेची मोजणी नव्हे हे खरं, पण २५ मीटरच्या प्रिसिजन लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ५० मिलीमीटरचं असतं आणि सगळ्या गोळ्या त्यात आरामात बसत होत्या. त्या दिवसापासून मी नाकाकडे फक्त सरकण्याच्या दृष्टीने बघतो.

बुडाचा हा नियम कळला आणि जॅकेटचीही एक गंमत उलगडली. पूर्ण जॅकेटची गोळी बनवताना तांब्याची वाटी नाकाकडून चढवतात आणि कड बुडाशी दुमडतात. तिथे शिसं उघडं राहतं. पोकळ टोकाच्या जॅकेट गोळीत उलटं : वाटी बुडाकडून चढते, बूड अखंड राहतं आणि तोंड वर उघडं. जिथे जॅकेट चालतं त्या देशांत हौशी नेमबाज कागदासाठीही पोकळ टोकाची जॅकेट गोळी पसंत करतात, ती एकसारख्या बुडामुळे. उघड्या बुडाचा आणखी एक तोटा म्हणजे तिथलं शिसं गरम वायूने झिजून हवेत जातं. काही बंदिस्त रेंजवर म्हणूनच बूडही झाकलेल्या गोळ्या लागतात. आमची खाण उघडी आहे, वारा खाडीवरून सतत असतो, तरी आम्ही साधं शिसं वापरतो म्हणून हात-तोंड साबणाने धुतल्याशिवाय रेंजवर कुणी काही खात नाही. मुलांच्या बाबतीत काका यात जराही सूट देत नाहीत आणि ते मला फार योग्य वाटतं.

.२२ ची निवड गोल नाक, उघडं शिसं, साधा वेग अशी झाली. सेंटर फायरची गोष्ट वेगळी. हा ऑलिंपिकमधला प्रकार नाही, पण आपल्याकडे त्याला मान आहे. जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत यातच ५९० गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी करून सुवर्ण मिळवलं होतं. नियमाने कॅलिबर ७.६२ ते ९.६५ मिलीमीटरच्या मधलं लागतं. कमी धक्क्यासाठी बहुतेक जण .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॉडकटरवर येतात. ही गोळी म्हणजे सरळ नळकांडं, नाक असं नाहीच. ती पूर्ण पितळी केसच्या आत बसवलेली असते, तोंड केसच्या कडेशी समतल. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते झाडून झालेलं रिकामं काडतूस वाटतं.

असली बोथट वस्तू सेमी-ऑटोमॅटिकमध्ये कशी सरकणार, ही माझी मोठी शंका होती. उत्तर पिस्तुलाच्या घडणीत आहे. यातल्या बहुतेक पिस्तुलांत मॅगझीन मुठीत नसतं, ट्रिगरच्या पुढे असतं. त्यामुळे काडतुसाला वर चढून वळावं लागत नाही, ते जवळजवळ सरळ रेषेत चेंबरमध्ये ढकललं जातं. मुठीतून भरणाऱ्या साध्या पिस्तुलात हे काडतूस चालणार नाही. अमेरिकेतले .४५ चे निशाणेबाज म्हणूनच मधला मार्ग घेतात : सेमी-वॉडकटर, म्हणजे पुढे आखूड निमुळतं नाक आणि त्यामागे धारदार खांदा. नाक आत सरकतं, खांदा भोक कापतो.

भोक कापणं हीच वॉडकटरची खरी कमाई. गोल नाकाची गोळी कागद फाडत, बाजूला सारत जाते. भोक गोळीपेक्षा लहान दिसतं, कडा लोंबतात. वॉडकटर ऑफिसातल्या पंचिंग मशिनसारखं स्वच्छ गोल कापते. रेषेवरच्या गोळीला वरचे गुण मिळतात, म्हणून ती रेषेला टेकली की नाही यावर एकेक गुण अडतो. शंका आली की भोकात ठरावीक जाडीचा गेज घालून बघतात. सेंटर फायरला तो ९.६५ मिलीमीटरचा असतो, तेव्हा .३२ वाल्याचं मोठ्या कॅलिबरपुढे नुकसान होत नाही. पण गेज मधोमध बसायला भोक स्वच्छ हवं. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांवर हा प्रश्न उरत नाही. आमच्याकडे अजून कागदच आहे, आणि पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना तो दमट होऊन आणखीच वेडावाकडा फाटतो. कोकणातल्या कागदावर वॉडकटरचं मोल मला जास्तच जाणवलं.

तिचं बूड पोकळ असतं, वाटीसारखं खोलगट. बूड सपाट हवं म्हणालात आणि हे काय, असं मी काकांना विचारलंच. त्यांनी एअर पिस्तुलाचा छर्रा हातावर ठेवला. छऱ्याला मागे पातळ घेर असतो. दाब आला की तो पसरून आट्यांना घट्ट बसतो आणि वायू बाजूने निसटत नाही. वॉडकटरच्या पोकळ बुडाचंही तेच. शिवाय मागचं वजन कमी झाल्याने भार पुढे येतो आणि बोथट गोळी सरळ जाते. पोकळ बुडाची कड मात्र एकसारखी हवी, हा नियम इथेही तोच. वॉडकटर लांबवर डळमळते, पण आपलं अंतर २५ मीटर, तेवढ्यात ती कुठे जात नाही.

परदेशात बरेच जण शिसं ओतून, दारू मोजून स्वतः काडतुसं भरतात आणि गोळीचा आकार, मिश्रण, ग्रीस सगळं आपल्या बॅरलला जुळवून घेतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. आपली निवड डब्यावर संपते, म्हणून डबा नीट वाचायला शिकावं लागतं. वेग, गोळीचं वजन, आकार आणि लॉट नंबर. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये फरक पडतो. आमच्या क्लबातल्या दोन सारख्या पिस्तुलांना दोन वेगळे लॉट मानवले आहेत. महागडं मॅच काडतूस हातात धरून झाडताना मला साध्यापेक्षा फारसं वेगळं दिसलं नाही, कारण माझा हातच काडतुसापेक्षा जास्त हलतो. पैसे मी स्पर्धेपुरते तिथे घालतो. सरावाला साधं, पण आकार आणि वेग तोच ठेवून, म्हणजे साइटची जुळणी फारशी हलत नाही.

इथल्या हवेचं मात्र वेगळं बघावं लागतं. .२२ ची गोळी केसच्या बाहेर असते आणि तिचं मेणही बाहेरच. एप्रिल-मेमध्ये गाडीत राहिलेला डबा उघडला तर मेण मऊ पडून चिकट झालेलं असतं, आणि त्याला समुद्राकडची बारीक वाळू बसते. ती वाळू थेट बॅरलमध्ये जाते. म्हणून मी मॅगझीन कपड्यावर भरतो, खाली पडलेलं काडतूस त्या दिवशी परत वापरत नाही. आंबा घाटातून कोल्हापूरला स्पर्धेला जाताना कुलूपबंद पेटी सावलीच्या बाजूला ठेवतो. पावसाळ्यात पितळेवर हिरवट डाग धरतात. बंद लाकडी खणात ठेवलेल्या शिशावर तर पांढरी भुकटी येते. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाने शिसं गंजतं आणि ती भुकटी विषारी असते. क्लबातला असा एक जुना साठा काकांनी बाद करून परत करायला लावला. आता सगळ्यांचा माल लोखंडी तिजोरीत, झाकणबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. तेलाचा हात काडतुसांना लावायचा नाही.

सध्या .३२ मध्ये मी १०० ग्रेनच्या आसपासच्या पोकळ बुडाच्या वॉडकटरवर आहे. ८३ ग्रेनचीही मिळते, धक्का त्याहून हलका. जलद मालिकेत पिस्तूल लक्ष्यावर लवकर परत आलं तर मला ती हवीच आहे. पण हलक्या गोळीवर माझा बोल्ट दर वेळी पूर्ण मागे जातो का हे आधी बघायला हवं. नवरात्रानंतर बांध चाळून झाला की दोन्ही वजनांचा एक-एक डबा, एकाच दिवशी, आलटून-पालटून झाडणार आहे. जी अडणार नाही तिचाच लॉट परवान्यावर पुढच्या मोसमासाठी उचलायचा.